कुलूप अडकलंय

— अहो ताई, तुम्ही आधी त्या पायरीवर बसा बघू. असं कुणी डोक्यावर उभं राहिलं की माझा हात थरथरतो, हात थरथरला की ड्रिल घसरतं, मग दारावर ओरखडा, आणि मग आजोबा, म्हणजे तुमचे बाबा, तो ओरखडा मला वर्षभर दाखवत बसतील. ताई म्हटलेलं चालेल ना? तोंडात मावशी आलं होतं, पण तुमची बॅग बघितली आणि म्हटलं नको, लांबून आल्यात, त्यात आणखी हे कशाला.

तुमची किल्ली बरोबरच आहे हो. फिरतेय ना? फिरतेय, पण खटका सरकत नाहीये. होतं असं. म्हणजे होत नाही फारसं, पण बघू. आणि फोन उचलत नाहीत म्हणून एवढं घाबरायचं नाही — त्यांचा फोन कधी फ्रिजवर असतो, कधी फ्रिजमध्ये. मला माहीत नसणार तर कुणाला? खाली नाक्यावरचं किल्ल्यांचं दुकान आमचं. माझ्या बाबांचे डोळे गेले तेव्हापासून मीच बसते. तुमचे बाबा मला नावानं हाक मारतच नाहीत, किल्ली म्हणतात. महिन्यातनं दोनदा तरी फोन — अगं किल्ली, कुलूप अडकलंय. मी सगळी हत्यारं पिशवीत भरून चार मजले चढून यायचं, तर हे दार सताड उघडं टाकून चहाचं आधण ठेवून बसलेले. कुलूप? कुलूप लोण्यासारखं चाललेलं. म्हणायचे, तू येतेयस म्हटल्यावर घाबरून सुटलं बघ. म्हणायचे — म्हणतात. जीभ बघा माझी.

वास ना? जिन्यात कायमचाच आहे तो. कचरा उचलत नाहीत वेळेवर. नाकाला पदर, ओढणी, काय असेल ते लावा.

चहा फुकट नसायचा मात्र. एक प्रश्न आणायचा, शहरात हिंडताना पडलेला, आणि त्याचं उत्तर पुस्तकात असता कामा नये. मी एकदा विचारलं, रस्त्यात नेहमी एकच चप्पल का पडलेली असते? दुसरी कुठं जाते? तर चेहरा असा गंभीर करून सांगतात, दुसरी घालून तो माणूस अजून पहिली शोधत फिरतोय, म्हणून तर रस्त्याला एवढी गर्दी. मग मी विचारलं, शहरात एवढी कबुतरं, पण पिल्लू कधी कुणाला दिसत का नाही? म्हणाले, पिल्लू नसतंच, कबूतर अंड्यातनं बाहेर येतं तेच पेन्शन घेऊन, म्हणून दिवसभर खिडकीत बसून असतं, माझ्यासारखं. हसले स्वतःच. मी पण हसले. नंतर जिना उतरताना वाटलं, यात हसण्यासारखं काय होतं.

आज पण आणलाय प्रश्न. लोक दाराला कुलूप लावतात, ओढून बघतात, दोन पायऱ्या उतरतात, परत येऊन पुन्हा ओढून बघतात — का? स्वतःच्याच हातानं लावलंय ना? सकाळी सगळं शहर एकदम कुलपं ओढत असतं, विचार करा, केवढा आवाज होत असेल. तुम्हाला नाही माहीत? मला पण नाही. ते सांगतील. तुमच्याबद्दल भरभरून बोलतात बरं का, लेक दर रविवारी तासभर फोनवर असते, ऐकून ऐकून कान दुखतो म्हणतात. … असं का बघताय? बरं. नसेल तासभर. म्हातारी माणसं वाढवून सांगतात थोडं.

आवाज झाला तर होऊ दे, कुलपावरचा पत्रा काढतेय नुसता. तशी काळजीची गोष्ट नाहीये, आत्ता खालच्या काकू जिन्यात काय म्हणाल्या ऐकलंत ना — दोन दिवस वर नुसती ठोकाठोक, दुपारची झोप नाही, म्हटलं सुतार लावलाय वाटतं, आता थांबलं एकदाचं. म्हणजे आजोबांनी काहीतरी काम काढलं असणार. स्वस्थ बसणाऱ्यांतले नाहीत. खुर्चीचा पाय ठोकत असतील, फळी बसवत असतील. समोरचं घर बंद, नाहीतर त्यांनीच सांगितलं असतं काय चाललेलं ते.

हां, निघाला पत्रा. जरा बॅटरी धरता इकडे? मोबाइलची चालेल.

हे काय आहे… सुरीचं टोक आहे. फळं कापायच्या सुरीचं. आतल्या बाजूनं घुसवलेलं, तुटून अडकलंय. आणि हा पितळी तुकडा — हा दोन ठिकाणी मोडलाय बघा, जुना झाला की मोडतो. हा मोडला की बाहेरून किल्ली फिरते, आतून मूठ फिरते, सगळं फिरतं, खटका मात्र जागचा हलत नाही. दार आतून पण…

थांबा जरा. बॅटरी हलवू नका.

सोमवारी फोन आला होता मला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. म्हणाले, किल्ली, कुलूप अडकलंय गं, खरंच अडकलंय. मी म्हटलं, आजोबा, आता बहाणा तरी नवा काढा. गिऱ्हाईक पण हसलं. ते एवढंच म्हणाले, "बरं बाई. सवडीनं ये. घाई नाही." मग मी विसरले. विसरले म्हणजे, ठेवलं होतं लक्षात, येणारच होते, प्रश्न शोधत होते.

तुम्हाला पण आला होता? सोमवारीच? … राहू दे. मला नका सांगू. कामात असतं माणूस.

आरडाओरडा केला असता तर कुणी आलं असतं ना? पण ते कुठले ओरडायला. जिन्यात कुणाचा धक्का लागला तर हेच माफी मागणार. ठोकत राहिले. हळूच ठोकत असतील, शेजारी झोपलेत म्हणून.

सरकला. ऐकलात आवाज? सरकला खटका.

नाही, दार तुम्हीच ढकला. माझं काम कुलपापर्यंत. मी नाही येत आत, मी इथं पायरीवर बसते, हत्यारं गोळा करते. बॅटरी घ्या बरोबर, पडदे ओढलेले असतात त्यांचे. ओढणी घट्ट धरा.

जा ताई. सावकाश जा. आता कसली घाई.