शेवटचा आकडा

झेरॉक्सच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंचे कान केव्हाच पुढच्या जोडप्याकडे लागले होते. नवरा प्लंबर. व्हिजिटिंग कार्ड छापून घ्यायला आला होता, आणि बायको सोबत होती.

"ते नळाचं चित्र काढून टाका हो दादा," बायको छपाईवाल्याला म्हणाली, "आणि नंबर मोठा करा. घरात पाणी साचलेला माणूस चष्मा शोधत बसेल का?"

"अगं, चित्रानं शोभा येते."

"शोभेनं नळ गळायचा थांबतो का?"

"बरं वहिनी, काढलं चित्र. आता नंबर तेवढा तपासा. मागाहून माझ्या नावानं खडे फोडू नका."

"हिलाच तपासू दे. पहिल्या कार्डाच्या वेळी मी न बघताच 'छापा' म्हणालो आणि शेवटचा आकडा चुकला. पाचशे कार्डं वाटून मोकळा झालो होतो!"

"अरे बापरे! मग फोन कुणाला जायचे?"

"शिकवण्या घेणाऱ्या एका मुलीला. मोरी तुंबलीय, टाकी वाहतेय, सगळं तिच्या कानावर."

"वैतागली असेल बिचारी."

"वैतागले ना!" बायको म्हणाली. "पण सगळ्यांचे पत्ते लिहून घेतले, आणि कार्डावरचं दुकान शोधून कागद यांच्या तोंडावर फेकायला गेले."

"फेकलात?"

"कसला! यादीत सगळ्यात वर मी माझ्या माहेरच्याच मोरीचा नळ लिहिला होता."

छपाईवाला हसायचा थांबेना. "आता तरी बरोबर नंबर दिलाय ना?"

"छे," प्लंबर म्हणाला. "तोच दिलाय. चुकलेला."