मोठ्या भोकांचं जाळं

औषधांच्या दुकानापुढची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढे एक म्हातारा मासेमार आणि त्याची थोरली बहीण उभी होती. बाईंनी कितीही नको म्हटलं तरी कान त्यांच्याकडेच लागले.

“म्हणजे नदीत पिल्लंच नाहीत?”

“नाहीत, अक्का. माद्यांच्या पोटात अंड्यांची गाबोळी धरत नाही आणि नरांच्या पोटात अंडी सापडतात. तपासणीवाले साहेब सांगून गेले. नदीच्या वरच्या अंगाला गोळ्यांचा कारखाना आहे ना, त्यातली औषधं पाण्यात उतरतात म्हणे.”

“अरे, पण तूच सांगायचास, हल्ली सगळे मोठेच मासे लागतात म्हणून!”

“तिथंच तर फसलो. पिल्लांना वाढू द्यावं म्हणून बाबांनी मोठ्या भोकांचं जाळं विणून दिलं होतं. बारीक जाळं पाण्यात टाकायचं नाही, अशी शपथच घातली होती. मला वाटायचं, पिल्लं भोकांतून निसटतायत. बाबांची पुण्याई!”

“मीपण बाजारात तेच मिरवायचे रे.”

“परवा साहेबांसाठी शपथ मोडली. बारीक जाळं टाकलं. नुसता गाळ आला.”

“बाबा असते तर…”

“नाहीत तेच बरं.”

“आजी, पुढे या. कुठल्या गोळ्या?” दुकानदारानं विचारलं.

“रक्तदाबाच्या. हे बघ, रिकामं पाकीट आणलंय.”

“या आपल्या वरच्या कारखान्यातल्याच, एकदम ताज्या. महिन्याच्या देऊ?”

अक्का भावाकडे बघत राहिली.

“दोन महिन्यांच्या दे,” भाऊच म्हणाला. “तिला खंड पडून चालत नाही.”