जामीनदार सहज येऊन गेला

...आणि वर म्हणतो काय, "काय नाय, सहज आलो व्हतो."

आता तुम्हाला सांगतो, मी घोडेगावच्या पंचायत समितीत बत्तीस वर्षं कारकून होतो, आणि बत्तीस वर्षांत माझ्या टेबलापाशी सहज आलेला माणूस मी एकही पाहिलेला नाही. सहज आलेला माणूस आधी खुर्ची ओढतो, मग पंख्याकडे बघतो, मग माझ्या तब्येतीची चौकशी करतो आणि चौथ्या वाक्याला पिशवीतून अर्ज काढतो. चौथ्या, फार तर पाचव्या. हा गेणभाऊ आमच्या कळंबच्या घरी सात वर्षं येत होता आणि पिशवीत हात घालत नव्हता. सात वर्षं! माणूस घाबरेल नाही तर काय करेल?

सुरुवात झाली ती महागाई भत्त्यापासून. दोन हजार एक साल. आमच्या प्रज्ञाचा पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला. मला कसली काळजी, शिष्यवृत्ती आहेच. अहो, तालुक्यातल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज माझ्याच टेबलावरून जायचे, कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते मला झोपेत विचारा. पोरीचा अर्ज घेतला, झरझर भरला, उत्पन्नाच्या रकान्यापाशी आलो आणि थांबलो. त्याच वर्षी भत्ता वाढला होता, ऑफिसात पेढे वाटले होते, आणि त्या भत्त्यानं मी मर्यादेच्या दोन हजार तीनशे रुपये वर जाऊन बसलो होतो. सरकारच्या लेखी श्रीमंत. घरी येऊन मंडळींना सांगितलं, "द्रौपदा, आपण श्रीमंत झालो." ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कधी?"

मग बँक. मंचरची एक बँक, नाव कशाला घेऊ. मॅनेजर चष्म्याच्या वरून बघून म्हणाले, "कर्ज मिळेल, पण जामीनदार आणा. ऐपतीचा हवा आणि घरातला नको." मी म्हटलं, "साहेब, एवढ्या रकमेला जामीनदार लागत नाही, पेपरात आलंय." ते म्हणाले, "पेपरात आलंय ना? इथं अजून आलेलं नाही." इतकी वर्षं मीच लोकांना हे वाक्य ऐकवत आलो होतो.

जामीनदार म्हणजे काय चीज असते, तुम्हाला सांगतो. तोवर आमच्याकडे येणारे-जाणारे भरपूर. एकदा शब्द उच्चारला आणि आळी ओस पडली. द्रौपदाचा सख्खा भाऊ सावळाराम, ज्याच्या लग्नात मी तीन दिवस पाणी वाहिलं, तो म्हणाला, "दाजी, रक्त मागा, बाटली भरून देतो. सही तेवढी मागू नका." चौघांकडे गेलो. चौघांनीही चहा दिला. चौघांचाही उजवा हात त्या आठवड्यात दुखत होता.

शेवटी मी आणि प्रज्ञा हात हलवत पुन्हा मॅनेजरसमोर. प्रवेशाची मुदत संपायला तीन दिवस. पोरगीच म्हणाली, "साहेब, तीन दिवस अर्ज तेवढा फाडू नका. मी आणखी बघते." बस, एवढंच. रडली नाही, काही नाही. आणि मागून आवाज आला, "कुठं करायची सही?"

वळून बघतो तर पांढरी टोपी, हातात हॉटेलच्या चिल्लरीची पिशवी. गेणभाऊ. आळेफाट्याला त्यांचं हॉटेल, ट्रकवाले थांबतात तिथं, खातं मात्र मंचरला, सासरवाडीच्या गावच्या बँकेत. आमची ओळख म्हणाल तर मी एकदा तिथं मिसळ खाल्ली होती, पैसे देऊन. मॅनेजर म्हणाले, "गेणभाऊ, ओळखता का यांना?" ते म्हणाले, "पोरीला ऐकलं की आत्ता." आणि केली सही. तीन ठिकाणी केली, वर अंगठा हवा का तेही विचारलं. मी हात जोडून म्हटलं, "भाऊ, तुमचं ऋण..." तर म्हणाले, "मला काय नको." आणि पिशवी उचलून गेले.

"मला काय नको." तुम्हाला सांगतो, पाच हजार मागितले असते तर मी शांत झोपलो असतो. मागणाऱ्याचा हिशेब कळतो हो. ज्याला काही नको, त्याला काय हवं असेल?

महिन्याभरानं दारात कमांडर जीप थांबली. "या भाऊ, काय काम काढलं?" तर म्हणाले, "काय नाय, सहज आलो व्हतो."

बसले. आता हा मनुष्य आमच्या घरचा चहा घेईल का, हा आमच्याकडचा जुना प्रश्न, तुम्हाला उलगडून सांगायला नको. द्रौपदानं कप ठेवला आणि दाराआडून बघत राहिली. त्यांनी कप उचलला, बशीत ओतला, प्याले आणि म्हणाले, "वैनी, अजून अर्धा." ते गेल्यावर द्रौपदा म्हणाली, "घेतला हो. अर्धा मागून घेतला." मी म्हटलं, "म्हणजे काम मोठं दिसतंय."

चहा पिताना त्यांची नजर छपरावर. "पत्रं नवं दिसत्यात." मग माझ्यावर. "रिटायर कधी?" मी म्हटलं, पाच वर्षं आहेत. "पेन्शन हाय ना पण?" आहे. "शुगर-बिगर?" नाही. "बीपी?" नाही. "न्हाई ना? मग झ्याक." आणि जाता जाता, जीपमध्ये एक पाय ठेवून, घराशेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "ही कुणाच्या नावावर?"

आलं? आलं ध्यानात? अकरा गुंठे. पुणे-नाशिक रस्त्याला लागून. माझ्या वडिलांनी दगड फोडून घेतलेली. आणि विचारणारा कोण? रस्त्याकडेचा हॉटेलवाला! द्रौपदा म्हणाली, "अहो, हा माणूस माप घेतोय."

मग दर महिन्याला जीप. पगार झाला की दोन दिवसांत. सहज. एकदा अकरा गुंठे पावलांनी मोजून गेले. एकदा म्हशीला कितवं वेत विचारलं. एकदा माझ्याकडे बघत म्हणाले, "चांगदेवराव, वाळलात जरा. जपा. तुमाला काय व्हऊन चालायचं न्हाई." आता हे वाक्य तुम्ही कुठल्याही बाजूनं ऐका, धमकीच वाटते की नाही? माझा खोकला ऐकून त्या माणसाचा चेहरा पडायचा. दुसऱ्या दिवशी हॉटेलातला पोऱ्या मधाची बाटली घेऊन हजर. मी ती उघडली नाही. द्रौपदानं उघडली, आणि मध आधी मांजराला चाटवून बघितला.

मी कारकून माणूस, बंदोबस्त कागदानंच करणार. पाटी रंगवून घेतली, जागेत रोवली, 'ही जागा विकणे नाही.' पुढच्या महिन्यात जीप पाटीपाशीच थांबली. गेणभाऊ उतरले, अक्षर अक्षर लावून वाचलं आणि पांढरे पडले. "का? कुणी मागितली व्हती का जागा?" मी ताठ उभा राहून म्हटलं, "कुणी मागो, विकायची नाही." तर त्या माणसानं माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "लई चांगलं केलं. अजाबात इकू नका." मी आत आलो. द्रौपदा म्हणाली, "विकत नकोच असेल त्याला. फुकट पाहिजे असेल."

तिसऱ्या वर्षी तर कळस झाला. प्रज्ञाचा गणिताचा पेपर राहिला, एम थ्री म्हणतात त्याला. पोरीनं आम्हाला कळवलंही नव्हतं, आणि गेणभाऊ सकाळी सातला दारात. "पोरीचं गणित ऱ्हायलं म्हनं." मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? "सहज गेलतो कालेजला." सहज! कळंब सोडून आता पुण्याला सहज! प्रज्ञाचं पत्र मागून आलं, 'पप्पा, बँकेतले ते टोपीवाले बाबा होस्टेलच्या गेटवर डझनभर केळी देऊन गेले, म्हणाले खा आणि गणित कर, तुझ्यावर माझं लई अवलंबून आहे.' ते पत्र मी चार वेळा वाचलं. लई अवलंबून आहे. काय अवलंबून आहे? माझ्या अकरा गुंठ्यांवरून गाडी आता पोरीवर गेली होती. द्रौपदानं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

गणित सुटलं. पोरगी पास झाली. नोकरी लागली, पुण्यातच. दर महिन्याला हप्ता जाऊ लागला, मी रिटायर झालो, जीप येतच राहिली. दोन हजार आठ साली शेवटचा हप्ता भरला, बँकेनं कर्ज फिटल्याचा दाखला दिला, आणि तुम्हाला सांगतो, दाखला घेऊन घरी पोचतो न पोचतो तोच दारात जीप. आणि आज पहिल्यांदा मागे बायको. साळुबाई. द्रौपदा माझ्या कानाशी म्हणाली, "साक्षीदार घेऊन आलाय. आज मागणार."

मी सातबारा काढून उशीखाली ठेवला. का ठेवला, ते मला आजही सांगता येणार नाही.

साळुबाई टेकल्या. पाणी प्यायल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "फिटलं ना हो भाऊ? खरंच फिटलं? कागद बघू." मी दाखला दिला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, कपाळाला लावला आणि नवऱ्याकडे वळल्या. "सात वर्सं. सात वर्सं हा मानूस कुशीवरून कुशीवर. मला न इचारता सही ठोकून आला, मंग रोज आपला, पळाली तर? पोरगी नापास झाली तर? त्यो चांगदेव मेला तर? म्या म्हनायची, जा, बघून ये एकदा, हाईत का गेली."

गेणभाऊ मान खाली घालून बसले होते. टोपी गुडघ्यावर. पहिल्यांदाच दिसलं, माणूस म्हातारा झाला होता.

म्हणजे बघा. सात वर्षं मी त्यांना भीत होतो आणि सात वर्षं ते मला भीत होते, आणि मधे चहाचे कप. मी हसायला लागलो. द्रौपदा हसायला लागली. उशीखालचा सातबारा मी गुपचूप कपाटात सरकवला. आणि तेवढ्यात गेणभाऊंनी पिशवीत हात घातला.

अर्ज. सातव्या वर्षी का होईना, पिशवीतून अर्ज निघाला.

"मला काय नको," ते म्हणाले. "आमच्या फाट्यावर कुंडलिक हाय, पंचरवाला. त्याच्या वैष्णवीला नर्सिंगला नंबर लागलाय. ब्यांक जामीन मागती. मी करनार व्हतो, पन हिनं शपथ घातलीया. तुमचं पेन्शन हाय. जागा बी हाय. इकलेली न्हाई."

साळुबाई माझ्याकडे बघत होत्या. द्रौपदा माझ्याकडे बघत होती. भिंतीवर प्रज्ञाचा पदवीचा फोटो, तीही बघत होती. बत्तीस वर्षं मी लोकांना सांगितलं, बाबांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. मी वाचून केली. त्यानं काय फरक पडतो?

तेव्हापासून माझा उजवा हात दुखतो. सह्या झाल्यावर.

महिनाभर दम काढला. परवा एस.टी.नं आळेफाट्याला गेलो. कुंडलिकचं पत्र्याचं दुकान. बसलो. पत्रे जुने आहेत हो, दोन ठिकाणी गंजलेत. त्याला विचारलं, बीपी वगैरे? म्हणाला, "कधी तपासलं न्हाई." आत वैष्णवी दोनदा खोकली. दोनदा. मी मोजलं. कुंडलिक हात पुसत, पांढरा पडत उभा. "काका, काय काम काढलं?"

मी म्हटलं, "काही नाही. सहज आलो होतो."

चहा झाला, अर्धा आणखी घेतला. निघालो तर पाठीमागे त्याची बायको कुजबुजत होती, "अवो, त्यो म्हातारा आपला हवेचा पंप बघत व्हता."

खरं होतं ते. तुम्हाला सांगतो, बघतच होतो. फार तर चार हजारांचा आहे.