चष्मा गेला, सुई राहिली
डोळ्यांच्या लेझरसाठी संमतीपत्रावर सही करायला घड्याळजीने पेन काढलं, तेवढ्यात मागच्या बाकावर नवरा-बायकोची जुंपली.

“महिना झाला लेझरला. पलीकडच्या गच्चीवरची कबुतरं मोजतो मी आता!”

“आणि सुईत दोरा?”

“तो नाही जात. पूर्वी चष्मा काढला की जायचा.”

“मग काढा.”

“काय काढू? चष्माच राहिला नाही!”

“शिंपी आहात, हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं कुठे?”

“मग सुई ठेवा गच्चीवर.”

“आणि दोरा कोण ओवणार?”

“कबुतरं.”

घड्याळजीने चष्मा काढला आणि कागद नाकाला टेकवून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

“काका, झाली का सही?”

“सिस्टर, आधी डॉक्टरांना सांगा, मी घड्याळं दुरुस्त करतो.”