उंटाच्या दुधाचा साबण

(योग्याकार्ता. वेनिंगच्या स्वयंपाकघरात तुम्पेंगचा, म्हणजे मानाच्या जेवणाच्या पिवळ्या भाताचा, उंच डोंगर रचून झालाय. सोबत तिची आई, म्हणजे इबू, आणि वेनिंगबरोबर फोनचा कीबोर्ड बनवणारा तिचा सहकारी तीर्ता. चार वाजता या कामाला पैसा देऊ पाहणाऱ्या कंपनीचे साहेब जकार्ताहून यायचेत.)

इबू : न्दुक, पोरी, हसायचं नाही, आधीच सांगते. माझा फोन माझं लग्न लावायला निघालाय.

वेनिंग : इबू, आत्ता नको. तीर्ता, भाताचा शेंडा कलतोय, धर!

तीर्ता : धरला. कुणाशी लावतोय, बू?

इबू : ते नाही सांगत. पण काल मंडपवाला, सकाळी नवरीला नटवणारी, आणि आत्ता बालीची सहल. दोघांची! माझ्या वयाला शोभतं का?

वेनिंग : जाहिराती गं त्या. तू काहीतरी शोधलं असशील.

इबू : शोधलं नाही. लिहिलं होतं. लिहिलं आणि खोडलं. पाठवलं नाही कुणाला.

वेनिंग : काय लिहिलं होतंस?

इबू : तुला पटकन वाचता येऊ नये म्हणून तर जुन्या जावा लिपीत लिहिलं! तुमच्याच कीबोर्डवरून.

तीर्ता : थांबा, थांबा. खोडलेलं जाहिरातवाल्यांना कसं कळलं?

वेनिंग : आपला कीबोर्ड नाही हं सांगायचा. म्हणून तर फुकट आणि खुला ठेवलाय. कुणीही त्याचा कोड उघडून बघावा.

तीर्ता : बू, एक गंमत करू. जे जन्मात मागणार नाही ते लिहा आणि खोडा.

इबू : उंट मागू? ‘मला उंट हवाय, पांढराच.’ लिहिलं. खोडलं.

तीर्ता : आता बातम्या उघडा आणि नुसतं खाली सरकवत राहा.

इबू : पाऊस... फुटबॉल... अगं बाई! उंटाच्या दुधाचा साबण!

तीर्ता : हाहाहा! साबण!

वेनिंग : हसतोस काय? शेंडा सोड, लॅपटॉप दे इकडे. हा बघ, कंपनीनं मागच्या महिन्यात दिलेला भाग, पुढचा शब्द सुचवणारा. सुचवतो, पण आधी टाइप केलेलं सगळं त्यांच्या घरी पोचवून येतो. आणि चक्क उघड लिहिलंय, लपवलेलंही नाही! हे वाचून तू मंजूर केलंस?

तीर्ता : मी? तू मंजुरी दिलीस. म्हटलं, वेनिंगनं वाचलंय म्हणजे झालं.

वेनिंग : मी दिली कारण तू वर लिहिलं होतंस, ‘मस्त आहे!’

तीर्ता : मस्तच होतं. पहिलं पान.

इबू : म्हणजे सगळ्यांना बघता येतं म्हणून कुणीच बघितलं नाही?

वेनिंग : टोमणे नंतर मार गं. साहेब वर्षभराचा पगार देणारेत, हेच काम करायला. मी बँकेची नोकरी सोडलीय!

तीर्ता : मी तर सासऱ्यांना सांगून बसलोय. मिशीतल्या मिशीत हसले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

वेनिंग : आणि हा भाग काढला तर साहेब आल्या पावली परत जातील.

इबू : नाही काढला तर?

वेनिंग : तर शाळेतले मास्तर, बाहुल्यांचे खेळ करणारे दलांग, लिपीचे जाणकार पाक सास्त्रो... सगळ्यांचं मनातलं तिकडे जात राहणार.

इबू : पाक सास्त्रो? त्यांच्या फोनवरही हाच आहे?

वेनिंग : त्यांनीच तर लिपी तपासून दिली. पहिल्या दिवसापासून हाच वापरतात.

तीर्ता : बू, तुम्ही लाल का झालात?

इबू : चुलीजवळ बसलेय म्हणून.

तीर्ता : चूल केव्हाच विझलीय.

इबू : अरे, काल बाजारात भेटले होते ते. म्हणाले, ‘बू सुमी, माझा फोन बिघडलाय. सारखे मंडप दाखवतो.’

वेनिंग : मंडप?

इबू : आणि बालीची सहल.

तीर्ता : दोघांची?

इबू : दोघांची.

तीर्ता : म्हणजे तेही लिहितात आणि खोडतात!

वेनिंग : इबू! पाक सास्त्रो? आपले पाक सास्त्रो?

इबू : नाचू नका दोघं, भात पडेल!

तीर्ता : कंपनीला विचारू का? त्यांच्याकडे शब्दन्‌ शब्द असणार.

इबू : ...सांगतील?

वेनिंग : इबू!

इबू : नुसतं विचारलं गं. आणि तू काय करणारेस? पगारासाठी ठेवणार का हे?

वेनिंग : नाही. रडू येतंय, पण नाही. बँकेत पुन्हा तोंड दाखवीन एक वेळ, तुला काय तोंड दाखवू?

तीर्ता : मग काढ. आणि काय झालं ते सगळ्यांना कळवू, आपल्या दोघांच्या नावानिशी. सासऱ्यांचं बघतो मी. पण हा शेंडा? साहेबांच्या मानाचा होता.

इबू : डब्यात भर. पाक सास्त्रोंना मी नेऊन देते.

तीर्ता : मग साहेबांना काय?

इबू : खालचा भात. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला उपाशी धाडायचं का?

वेनिंग : काढते हं, इबू. यापुढे ते काय लिहून खोडतील, ते कुठूनच कळायचं नाही.

इबू : काढ गं. ते मी त्यांच्या तोंडून ऐकेन.