उघड्या कपाटाबाबत

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट वर्षे, व्यवसाय पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवण्याचा, सध्या घरीच, राहणार तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे घर. पायाला प्लास्टर असल्याने खुर्चीत बसून, पण पूर्ण शुद्धीवर असताना, पोलीस ठाण्यात समक्ष सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे यजमान चार वर्षांपूर्वी वारले. मुलगा नोकरीमुळे दूर असतो. समोरच्या घरात यजमानांचे मित्र राहतात. ते बँकेत हिशेबनीस होते. यजमान त्यांना धाकटा भाऊ मानत, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते. काल संध्याकाळपासून आपण ज्यांना इथे बसवून ठेवले आहे, ते हेच.

भाऊजींना संगणकाचा आणि घरगुती यंत्रांचा नाद आहे. त्याचे शिक्षण त्यांनी घेतलेले नाही, खटपट करत शिकले. त्यांनी आणि यजमानांनी पहिला संगणक आमच्या जेवणाच्या टेबलावर जोडला. तो सुरू होईपर्यंत आम्ही ताटल्या हातात धरून जेवत होतो. पुढे दिवे, पंखे, बेल, दाराचे कुलूप, सगळे त्यांनी फोनवर चालणारे करून दिले. दर अपग्रेडनंतर काहीतरी बिघडते. एकदा तर बेल वाजली की स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा फिरू लागे. यजमान म्हणत, "अरे, चालत्या गाड्याला खीळ घालायची तुला हौसच आहे." भाऊजी म्हणत, "दादा, पुढच्या व्हर्जनमध्ये होईल ठीक." बोललेले ऐकून काम करणारा एक स्पीकर आहे. त्याला माझे फक्त कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलेले इंग्रजी कळते. मी त्याला प्लीज म्हणते. भाऊजी हसतात, "वहिनी, त्याला प्लीज लागत नाही." मी म्हणते, "मला लागतं."

यजमान गेल्यापासून भाऊजी दर महिन्याला अपग्रेड करतात. त्यांतल्या बऱ्याच अपग्रेडची गरज नसते, हे मला समजते. मी कधीही नको म्हटलेले नाही.

पद्धत अशी आहे. ते आपल्या घरातून संगणकावर काम सुरू करतात. झाले असे वाटले की माझ्या दाराबाहेर उभे राहून विचारतात, "वहिनी, दिवा लागला का?" मी आतून सांगते, लागला किंवा नाही लागला. मग पंखा, मग बेल. अशा वेळी मी उत्तर दिले नाही, असे आजवर झालेले नाही.

काल दुपारी चारच्या सुमारास त्यांनी अपग्रेड सुरू केले. ते संपेपर्यंत आपले आवरेल, या हिशेबाने मी अंघोळीला गेले. तिथे पाय घसरून पडले, डोके आपटले, उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत होता. स्पीकरला हाक मारली, पण अपग्रेड चालू असल्याने तो मुका होता. थोड्या वेळाने दाराबाहेरून भाऊजींचा आवाज आला, "वहिनी, दिवा लागला का?" तोवर माझी शुद्ध हरपत चालली होती, मला ओ देता आली नाही. ते म्हणाले, "नाही लागला तर नाही म्हणा हो. चिडणार नाही मी." मग आणखी एकदा नुसतेच, "वहिनी?" त्यानंतर हातोड्याचे घाव ऐकू आले. पुढचे मला आठवत नाही.

त्यांनी दार फोडले हे खरे आहे. कुलूपही त्याच अपग्रेडमध्ये अडकले होते. जुने कुलूप त्यांनीच काढून टाकले होते. किल्ली हरवते, फोन सापडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

काल घरात एकच वस्तू न बिघडता चालली, ती म्हणजे दारासमोरच्या भिंतीवरचा कॅमेरा. तोही भाऊजींनीच बसवलेला. त्यामुळे माझ्या मुलाला फोनवर दार फोडणारा माणूस दिसला आणि त्याने आपल्याकडे तक्रार केली. आज सकाळी तो मला फोनवर म्हणाला, "आई, मला फक्त हातोडा दिसला गं. काकांची पाठ होती, ओळखलंच नाही मी." तो फार वेळ रडला. त्याला दोष देऊ नये.

रुग्णवाहिका भाऊजींनी बोलावली. माझ्याबरोबर वरच्या मजल्यावरच्या बाई गेल्या आणि रात्रभर दवाखान्यात बसल्या. दार मोडलेले घर उघडे टाकून जायचे कसे, म्हणून भाऊजी उंबऱ्यावर बसून राहिले. आपले लोक आले तेव्हा ते तिथेच होते, शेजारी हातोडा होता, आत माझे कपाट उघडे होते. मी पडले होते हे त्यांनी आपल्याला सांगितले. बाईमाणसाचे कपाट कशासाठी उघडले, या प्रश्नाला मात्र त्यांनी उत्तर दिले नाही, आणि त्यावरूनच चोरीचा संशय धरला, असे मला कळले.

त्याचे उत्तर मी देते. मी अंघोळ करताना पडले होते. वरच्या बाईंनी मला नंतर सांगितले की त्या धावत आल्या तेव्हा मी गळ्यापासून पायापर्यंत चादरीत होते. ती चादर त्या कपाटातली. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि पाठमोरेच माझ्याशी बोलत होते, "वहिनी, आलीच गाडी, आलीच." हे ते आपल्याला सांगणार नाहीत. किती वेळा विचारले तरी सांगणार नाहीत.

घरातील काहीही गेलेले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर हा जबाब झाला नसता.

माझ्या परवानगीशिवाय ते घरात शिरले काय, असे मला विचारण्यात आले. त्यांनी दाराबाहेरून विचारले होते. बोलता आले असते तर मी "या" म्हटले असते. ते मी आता म्हणते.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. भाऊजी समोरच्या बाकावर बसलेले असल्यामुळे, चादरीचा भाग हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली. हवालदारांनी तो माझ्या कानाशी येऊन वाचला. सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि खरे आहे.