झेनोनच्या वाट्याची बिअर

—नाही नाही, आधी माझं ऐका वहिनी, आणि तो हात काढा जीपवरून. ब्रेक लागत नाहीत म्हणे! कुठे लागत नाहीत? हे बघा, दाबलं पेडल — दगड आहे दगड. आत्ता फाटकातून आत आलात, माझ्या पायापाशी थांबलात, लागला ना ब्रेक? लागला. मग? घाटात लागत नाही म्हणता. ला कुंब्रेच्या खिंडीतून खाली निघालं की पहिली सात-आठ वळणं चांगला, आणि मग पेडल पोकळ, थेट तळाला. आणि तुम्ही काय केलंत — लो गिअर टाकलात आणि गाडी डोंगराला घासत घासत उभी केलीत. शाब्बास! सगळी बाजू सोलून आणलीत. अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं, आणि मग क्लेटो मेकॅनिकच्या नावाने ओरडायचं. बाईमाणसाने युंगासच्या रस्त्यावर गाडी घालू नये असं ड्रायव्हरांच्या संघटनेत सगळेच म्हणतात, पाठीमागे. मी तोंडावर म्हणतो, एवढाच माझा गुन्हा.

बसा तिथे, त्या टायरवर. चारही चाकं काढतो तुमच्यासमोर, म्हणजे उद्या बाजारात बोलायला नको की क्लेटोने नीट बघितलं नाही. हा ड्रम. कोरडा. लायनर — आहे, अजून वर्षभर जाईल. व्हील सिलिंडर गळतोय? नाही गळत. हा दुसरा — हाही कोरडा. पाइप? एक पाइप फुगलेला नाही. मागचे ड्रम थोडे ढिले आहेत, दोन आटे आवळले की झालं. चाळीस वर्षांची गाडी आहे, तिला एवढं तर होणारच, तुम्हाला नाही झालं? हसू नका, मी विनोद करत नाहीये. मास्टर सिलिंडर धरून आहे. ब्रेकमध्ये काही नाही वहिनी! गेल्या वर्षी हेच सांगितलं होतं मी, जीप दरीतून वर काढली तेव्हा. झाडात अडकली म्हणून वाचली, नाहीतर झेनोनबरोबर तीही गेली असती. दुसऱ्या दिवशी याच अंगणात, संघटनेच्या पाच माणसांसमोर पेडल दाबून दाखवलं — कडक. गाडी चालवून दाखवली — जागेवर उभी. मग मी काय लिहून द्यायचं होतं? ब्रेक ठीक, म्हणजे चूक ड्रायव्हरची. झोपला असेल किंवा प्यायला असेल. प्यायला असेल हे मी पुढे घातलं, मान्य आहे. ईस्टरचा आठवडा होता, कोण पीत नाही?

माहीत आहे, माहीत आहे — तो पीत नव्हता. वर्षभर हेच ऐकतोय तुमच्या तोंडून. संघटनेच्या दारात, बाजारात, कब्रस्तानात सुद्धा. नव्या प्रार्थनामंदिरात जायला लागला, ग्लास सोडला, कोकाची पानं चघळायची सोडली, जुने मित्र सोडले. फार शुद्ध झाला होता तुमचा नवरा. त्याचा नंबर, सवारीच्या रांगेतली जागा, काढून घेतला तो संघटनेने, मी नाही. तुम्हाला त्या रांगेत उभं राहू देत नाहीत ते, मी नाही. मी फक्त एक कागद लिहिला.

सरका जरा, उजेड अडवताय. आता राहिलं ब्रेक ऑइल. तेही बघतो, म्हणजे तुमचं तोंड बंद होईल. झाकण — हे काय? एवढं काळं? कधी बदललं होतं? मी नाही बदललं, मी कशाला बदलू, जीप वर काढली तेव्हा पत्रा ठोकला, दार बसवलं, ब्रेक ठीक होते, मग ऑइल कशाला... थांबा. हा वास कसला? आंबूस. ती काचेची बाटली द्या इकडे. हो, तीच, जेलीची. ओततो यात. बघा — खाली काय बसलंय? कागद. गुलाबी टिकली, पिवळी टिकली. कार्निव्हलला उधळतो त्या! वहिनी, कुठल्या गाढवाने हे केलं? कार्निव्हलच्या मंगळवारी चाया करतो, गाडीची पूजा, तेव्हा तिला दारू पाजायची ती बॉनेटवर, चाकांवर, जमिनीवर — पाचामामाला, धरणीमातेला, तिचा घोट, गाडीला तिचा घोट — पण ब्रेक ऑइलच्या डब्यात? तुमच्या माहेरच्या कुठल्या अडाण्याने झाकण उघडून आत बिअर ओतली?

चमचा आणा. स्टोव्हपाशी आहे. हे बघा, थोडं चमच्यात घेतो, आचेवर धरतो. चांगलं ऑइल असं उकळत नाही, कितीतरी वेळ — बघा, आलेच बुडबुडे! पाणी आहे यात, नुसतं पाणी. पायथ्याला काही कळायचं नाही. पण वर ला कुंब्रेवर बटाटे शिजायला दोन तास लागतात, का? कारण पाणी तिथे तापायच्या आधीच उकळतं. ड्रम तापले, ऑइल उकळलं, पाइपात वाफ झाली, आणि वाफेवर पाय दाबून काय उपयोग? पेडल तळाला. तासाभराने गार झालं की परत दगड. तपासायला गेलात तर कुणालाच काही...

काय म्हणालात?

नाही. या वर्षी नाही केली चाया? मग या टिकल्या गेल्या वर्षीच्या. गेल्या वर्षी मीच होतो गाडीचा पाद्रिनो, तिचा धर्मबाप, हो. झेनोन नको म्हणत होता, आमच्यात हे चालत नाही म्हणाला. मी म्हटलं, वीस वर्षांची दोस्ती, आणि मला अंगणातून परत पाठवतोस? तुम्हीच म्हणालात वहिनी, करू दे की त्याला, मन मोडू नकोस. म्हणालात ना? मग मी बिअर भरली, त्याच्यापुढे धरली. त्याने हात मागे घेतला. सगळ्यांसमोर! माझ्या हातचा ग्लास! तसाच धरून उभा राहिलो मी, लोक हसायला लागले. मग मी म्हटलं... मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवतंय. आठवतंय, तोंडावर दिसतंय तुमच्या. म्हटलं, तू नाही पीत तर तुझी गाडी पिईल. रेडिएटरला पाजली, बॅटरीवर ओतली. जे झाकण हाताला लागलं ते उघडलं. मी प्यायलेलो होतो वहिनी. मेकॅनिक आहे मी, तीस वर्षं हेच करतोय, शुद्धीत असतो तर असं केलं असतं का?

असं बघू नका माझ्याकडे. मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं — म्हणजे जीप वर आली त्या दिवशी मी हा डबा उघडला नाही. उघडायला हवा होता, पहिली गोष्ट तीच बघायची असते, शिकाऊ पोरालाही सांगतो मी. का नाही उघडला? घाईत होतो. नाही, घाईत नव्हतो. राग होता मनात. तो वरून पडला आणि मला वाटलं, बघ, देव बदललास ना. मग लिहिला कागद.

ऐका, मी हे सगळं धुऊन काढतो. नवं ऑइल, चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली हवा काढतो, संध्याकाळपर्यंत गाडी तयार. कुणाला सांगायची गरज नाही. त्याला आता काय फरक पडतो? तुमचा नंबर मी मिळवून देतो, शब्द टाकतो संघटनेत — दुसरं काहीतरी सांगून... ती बाटली ठेवा खाली. मला द्या ती. वहिनी, द्या. माझं गॅरेज आहे हे, माझी मुलं जेवतात यावर, एक गाडी येणार नाही उद्यापासून या दारात!

कुठे निघालात? जीपला चाकं नाहीत. चालत? बाटली शालीखाली घेऊन चालत? झाकण लावा तरी नीट, सांडेल. संघटनेचं ऑफिस पाचला बंद होतं, सेक्रेटरी आधीच उठतो. मागच्या गल्लीने जा, पुढे बाजार भरलाय. जा म्हणतोय ना, उभ्या काय राहिलात? मी ती हिसकावून घ्यायच्या आत जा.